घड्याळाला वेळ कोण सांगते?

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेचा सारा दिवस घंटेवर चालतो. पूर्वी शिपाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून टोल देत असे. आता अनेक शाळांत हे काम एका लहानशा सर्किटकडे आले आहे. त्यात एक मायक्रोकंट्रोलर, सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आणि नखाएवढी एक घड्याळ-चिप असते. परीक्षेच्या दिवशी ही घंटा दहा मिनिटे आधी वाजली, तर शेवटचा प्रश्न सोडवणाऱ्या मुलाची ती दहा मिनिटे कोणी परत देऊ शकत नाही. म्हणून या चिपला नीट चालवणे हा दिसायला किरकोळ, पण जबाबदारीचा विषय आहे.

मायक्रोकंट्रोलरला सेकंद मोजता येतात. परंतु वीज गेली की त्याची मोजदाद पुसली जाते. यासाठी स्वतंत्र घड्याळ-चिप वापरतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी दिसणारी डीएस १३०७ ही चिप वीज गेल्यावर नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालू राहते आणि त्या वेळी अर्ध्या मायक्रोअँपिअरहूनही कमी प्रवाह घेते. तिच्याजवळचा क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा सहेतुक निवडलेला आहे. तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजेच एक सेकंद मिळतो. पूर्वजांचे घटिकापात्र दर चोवीस मिनिटांनी बुडे आणि घटका भरे. एकसारखी घडणारी घटना शोधायची आणि ती मोजत राहायची, हे तत्त्व तेव्हाही हेच होते.

चिपमध्ये सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना आणि वर्ष यांची सात घरे असतात. त्यांतील आकडे बीसीडी पद्धतीने लिहिलेले असतात. वरच्या चार बिटांत दशकाचा अंक आणि खालच्या चार बिटांत एककाचा. प्रोग्रॅममध्ये वरचे चार बिट उजवीकडे सरकवून दहाने गुणायचे आणि त्यांत खालचे चार मिळवायचे, एवढेच काम. ते राहून गेले तर ४५ मिनिटांऐवजी ६९ मिनिटे दिसतात. गंमत अशी की शून्य ते नऊ हे आकडे दोन्ही पद्धतींत सारखेच असतात. त्यामुळे एखाद्याने तासाच्या पहिल्या नऊ मिनिटांत मिनिटांची चाचणी घेतली, तर चूक नजरेस पडतच नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. घड्याळात १० वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद झाले आहेत. प्रोग्रॅमने आधी तास वाचला, तो १०. तेवढ्यात सेकंद उलटला आणि मिनिटांच्या घरात शून्य आले. आता प्रोग्रॅमच्या मते दहा वाजले आहेत, बाहेर मात्र अकरा! यावर उपाय सोपा आहे. सातही घरे एकाच संवादात, सलग वाचावीत. संवाद सुरू होताच चिप त्या क्षणाची वेळ आपल्या दुसऱ्या वहीत उतरवून ठेवते आणि तीच वाचायला देते. महिन्यांचीही काळजी घ्यावी लागते. चिप जानेवारीला एक म्हणते, तर सी भाषेची प्रमाण कालरचना जानेवारीला शून्य मानते आणि वर्षे १९०० पासून मोजते.

स्फटिकही पूर्ण निर्दोष नसतो. दहा लाखांत वीस भागांची तफावत असेल, तर दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांचा आणि महिन्याला सुमारे पन्नास सेकंदांचा फरक पडतो. तापमान बदलले की त्याची गतीही बदलते. डीएस ३२३१ ही चिप स्वतःच तापमान मोजून दुरुस्ती करते. शून्य ते चाळीस अंश सेल्सिअसमध्ये तिचा फरक वर्षाला साधारण एका मिनिटाच्या आत राहतो.

तरीही अचूकता हा निम्माच प्रश्न आहे. चिप केवळ मोजते. कोठून मोजायचे हे माणसेच ठरवतात. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत स्थानिक वेळ १९५५ पर्यंत वापरात होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. दोन्ही घड्याळे बिनचूक असूनही वेळा निराळ्या होत्या. चिपलाही पहिली वेळ कोणीतरी सांगावीच लागते.

येथेच सर्वांत मोठी चूक होते. वेळ लावण्याची ओळ प्रोग्रॅमच्या आरंभीच लिहिलेली असते आणि काम झाल्यावर ती काढायची राहून जाते. मग प्रत्येक वेळी वीज जाऊन आली की घड्याळ पुन्हा त्याच जुन्या क्षणावर जाते. सेल उत्तम, स्फटिक उत्तम, आणि घंटा मात्र भलत्याच वेळी!

वास्तविक चिपच्या रचनाकारांनी याची सोय करून ठेवली आहे. डीएस १३०७ च्या सेकंदांच्या घरातला सर्वांत वरचा बिट घड्याळ थांबलेले असल्याचे सांगतो. डीएस ३२३१ मध्ये स्फटिक मध्येच बंद पडला होता, हे नोंदवणारी खूण असते. म्हणजे ‘आपल्या वेळेवर विसंबू नका’ असे सांगण्याची क्षमता चिपमध्ये आहे. ती खूण वाचणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे कर्तव्य. खूण दिसली, तर घंटा आपोआप वाजवू नये, लाल दिवा लावावा, आणि माणसाने वेळ लावीपर्यंत टोल शिपायाच्या हाती सोपवावा. योग्य वेळ लावल्यावरच ती खूण पुसावी. ठाऊक नसलेली गोष्ट ठामपणे सांगणाऱ्या यंत्रापेक्षा ‘ठाऊक नाही’ असे कबूल करणारे यंत्र अधिक विश्वासाचे. लसींच्या शीतपेटीतील तापमानाची नोंद असो की वेळेनुसार दर आकारणारा वीजमीटर, तेथेही हाच नियम लागू पडतो.

पालकहो, मुलाने घड्याळाचा प्रकल्प घरी आणला, तर चकाकणाऱ्या आकड्यांचे कौतुक अवश्य करावे. मग एकच प्रश्न विचारावा, ‘वीज जाऊन आली आणि सेलही संपलेला असला, तर हे काय करील?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाने आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवले असेल, त्याला केवळ सी भाषाच नव्हे, तर जबाबदारीही समजली आहे, असे खुशाल मानावे.