संदर्भयादीतली नावं



आत्ताच तुमच्या कॉलेजच्या बक्षिसांची यादी वाचून झाली. माझी सगळी नोकरी एका वेगळ्या यादीत गेली. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेली संदर्भयादी असते, तिच्यात. संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात कोणाचे पेपर किती, सायटेशन म्हणजे हवाले किती, याचे तक्ते मी करून देत असे. म्हणून आज एका मेंदूशास्त्रज्ञ बाईंचं काम सांगताना आकड्यांबद्दलही बोलणार आहे.

इथून लोकलने सीएसएमटी आणि पुढे बसने कुलाब्याच्या टोकाला गेलात, की नेव्हीनगरमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. डॉ. शुभा तोळे यांची लॅब तिथे आहे. मुंबईत झेवियर्सला शिकून त्या अमेरिकेत कॅलटेकला गेल्या, पीएच.डी. केली, शिकागोत पुढचं संशोधन केलं आणि १९९९ मध्ये परत येऊन इथे लॅब उभी केली. २०१० साली भटनागर पुरस्कार, २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये त्या मेंदूसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, ‘इब्रो’च्या अध्यक्ष झाल्या.

पण त्यांनी शोधलं काय? आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा तो भाग बराचसा काढला गेला, आणि त्यानंतर नवी गोष्ट त्याच्या लक्षात राहीनाशी झाली. १९५७ मध्ये शस्त्रक्रिया करणारे स्कोव्हिल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी ते निबंधात लिहून ठेवलं. त्या निबंधाचा हवाला आजही दिला जातो. तोळे यांचा प्रश्न त्याच्याही आधीचा: गर्भात हा भाग नेमक्या त्याच जागी तयार कसा होतो?

२००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. उंदराच्या गर्भात मेंदू घडताना काही पेशींमधला एलएचएक्स-२ हे एकच जनुक काढून टाकलं. त्या पेशी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण, व्हायच्या सोडून ‘हेम’, म्हणजे त्या आवरणाची कड, झाल्या आणि शेजारच्या धडधाकट पेशींना हिप्पोकॅम्पस बनायला लावू लागल्या. जिथे जिथे जनुक काढलेल्या पेशींचा ठिपका, तिथे तिथे त्याच्या शेजारी नवा हिप्पोकॅम्पस! मी शास्त्रज्ञ नाही, तरी ती चित्रं पाहताना अंगावर काटा आला होता.

आता या कामाचं मोल आकड्यात किती? यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायटेशनची पहिली मोठी सूची काढली, ती संशोधकाला जुन्या निबंधावरून नव्यापर्यंत पोचता यावं म्हणून. २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला: तो वीस असेल, तर किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस हवाले मिळालेले असतात. सोयीचा आकडा आहे. पण जगात सर्वाधिक हवाले मिळालेल्या निबंधांत अग्रभागी आहे तो लॉरी यांचा १९५१ चा, प्रथिन मोजण्याच्या पद्धतीवरचा. त्याला तीन लाखांहून जास्त हवाले आहेत. तो थोर निबंध नाही, हे खुद्द लॉरींनाही ठाऊक होतं. पद्धत रोज वापरली जाते, म्हणून आकडा फुगतो. गर्भातल्या मेंदूवर काम करणारी माणसं जगभरातच कमी. त्यांचे हवालेही तेवढेच. या दोन्ही प्रकारच्या कामांना एका मापाने मोजून नेमणुका आणि बढत्या ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. तक्ते करणारा माणूस म्हणून हे मी स्पष्टपणे सांगतो.

हवाला म्हणजे मुळात ऋण मान्य करणं. मुलांनो, २००८ चा तो निबंध ग्रंथालयात बसून जरूर काढा. लेखकांच्या नावांत पहिलं नाव तोळे यांचं नाही, त्यांच्या लॅबमधल्या विद्यार्थिनीचं आहे. जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा हातांनी प्रयोग केलेल्याचं असतं. कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांचीही नावं आहेत. मग खालची संदर्भयादी वाचा, कोणाच्या कामावर हे उभं आहे ते दिसेल.

आणि तुमच्या प्रोजेक्टचं काय? सीनियरची फाइल, मॅडमच्या नोट्स, नेटवरचा उतारा घेता ना? घ्या, अवश्य घ्या. पण शेवटच्या पानावर त्यांची नावं लिहा. प्राचार्यांना माझी जाहीर विनंती आहे: पुढच्या वर्षापासून त्या शेवटच्या पानाला गुण ठेवावेत, आणि ते पान तपासायला ग्रंथपालांनाही बसवावं. बोलावलंत तर मीही येईन.