धामतीरीच्या काळ्या वाळूचे अंतरंग



पवनार म्हटले की विनोबांचा आश्रम आणि धाम नदीचे काळे खडक डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या खडकांत पदार्थविज्ञानाचे एक मोठे कोडे दडले आहे. तिकडे आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

हे खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. अशा प्रदेशातील वाळूत लोहचुंबक फिरविला असता जे काळे कण त्यास चिकटतात, त्यांत मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइड असते. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी दख्खनच्या खडकांतील चुंबकत्व मोजले. लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, याचा पुरावा अशा मोजमापांतून मिळाला.

मॅग्नेटाइटमध्ये काही लोह-अणूंनी दोन, तर काहींनी तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. हा जादा इलेक्ट्रॉन एका अणूवरून दुसऱ्यावर जातो, म्हणून त्यातून वीज वाहते. उणे १५० अंश सेल्सिअसच्या सुमारास मात्र त्याचा विद्युतरोध एकाएकी शंभरपटीने वाढतो. हॉलंडचे शास्त्रज्ञ फेरवे यांनी १९३९ साली याचा उलगडा असा केला की, इलेक्ट्रॉन तेथे ठराविक जागा धरून बसतात.

परंतु ते एकटे बसत नाहीत. जादा इलेक्ट्रॉन असलेला लोह-अणू आकाराने मोठा होतो व शेजारच्या ऑक्सिजनांना दूर सारतो. स्फटिकातील अणू सदैव कंप पावत असतात. त्या कंपनांतील काही मग एका वाकणीत गोठून राहतात. दिंडीत टाळाच्या ठेक्यावर पावले पडतात, की पावलांवरून ठेका धरला जातो, हे सांगणे जसे कठीण, तसेच हे आहे.

ही गोठलेली रचना पूर्णपणे उलगडण्यास ७३ वर्षे लागली. एडिनबरोच्या संशोधकांनी २०१२ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की, जादा इलेक्ट्रॉन तीन-तीन लोह-अणूंच्या ओळींत वाटला जातो. तरीही आरंभ इलेक्ट्रॉन करतात की कंपने, यावरील वाद मिटलेला नाही. खडकांतील कणांत बहुधा टिटॅनियम मिसळलेले असल्याने हा पालट तेथे पुसट होतो. त्यासाठी शुद्ध स्फटिकच घडवावे लागतात.

आपल्या घरांतील विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे की, पुस्तकात सर्व लिहून झाले आहे असे समजू नये. पायांखालच्या वाळूतील प्रश्नही अजून उत्तराची वाट पाहत आहेत.