संगणकाचा पडदा आणि आपली दृष्टी

(पांढुर्णा जिल्ह्यातील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. संगणकाच्या पडद्यावरील अक्षर मोठे कसे करावे, यावर भाषण ते कशाला? मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. यंत्रांशी माझे नाते दूरचेच. परंतु चाळिशी लागली, चश्म्याच्या खालच्या भागात दुसरे भिंग आले आणि या विषयाने मला गाठले. जवळचे वाचण्याचे भिंग खाली, पडदा मात्र डोळ्यांसमोर; त्यामुळे हनुवटी उंचावून वाचण्याची सवय जडली आणि सायंकाळपर्यंत मान आखडू लागली. अशाच एका दिवशी लाभार्थ्यांची यादी तपासताना ‘भगत’चे ‘मगत’ झालेले माझ्या नजरेतून निसटले. चूक एका अक्षराची. हेलपाटे मात्र त्या गृहस्थांना पडले. पडद्यावरचे अक्षर त्या वेळी दुप्पट केले असते, तर हा प्रसंग टळला असता.

२०१० मध्ये मध्य प्रदेशात लोकसेवांच्या हमीचा कायदा झाला. त्यानंतर दाखले व अर्ज लोकसेवा केंद्रांच्या संगणकांवर आले. जमिनीचा खसरा पडद्यावर, समग्र ओळखक्रमांक पडद्यावर, मुलांची शिष्यवृत्तीही पडद्यावर. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, आणि जिल्ह्याचे कार्यालय आपल्या दाराशी आले. पण कार्यालय जवळ आले तरी अक्षर दूर राहिले, तर उपयोग काय?

आपल्या भागात यास आणखी एक पदर आहे. आपण घरी मराठी बोलतो आणि सरकारी नोंद हिंदीत होते. ‘काळे’ यांचे ‘काले’ होते, ‘धवळे’ यांचे ‘धवले’ होते. आपल्या जामसावळीचेही हिंदी लेखन निराळेच. आधारपत्रावर ‘ळ’ आणि दुसऱ्या नोंदीत ‘ल’ असला की नावे जुळत नाहीत, असा आक्षेप निघतो. त्यातून देवनागरी अक्षराला शिरोरेषा, वर वेलांटी, अनुस्वार व रफार, खाली उकार व रकाराचे फाटे; एवढा संसार एका ओळीत मावावयाचा, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला जागा थोडी येते. इंग्रजी मजकूर ज्या आकारात सुखाने वाचता येतो, त्याच आकारात ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळतात. आकड्यांचेही तसेच. खसऱ्याच्या बट्टा क्रमांकात ११२/७ आणि ११७/२ यांत केवढे अंतर आहे, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

आता उपाय. संकेतस्थळ उघडलेले असताना कळफलकावरील कंट्रोल ही कळ दाबून धरावी आणि अधिकचे चिन्ह असलेली कळ दाबावी. पान मोठे होते. उणे चिन्हाने लहान होते, आणि कंट्रोलसह शून्य दाबले की पूर्ववत शंभर टक्क्यांवर येते. कंट्रोल धरून माउसचे चाक फिरवले तरी हेच घडते. क्रोममध्ये हे प्रमाण पाचशे टक्क्यांपर्यंत जाते आणि त्या त्या संकेतस्थळापुरते लक्षातही राहते. पान फार मोठे केले की उजवीकडचा भाग झाकला जातो किंवा वरची यादी तीन आडव्या रेघांच्या खुणेत दडते. ‘अर्ज जमा करा’ हे बटण नाहीसे झाले म्हणून घाबरू नये; पान सरकवावे, ते सापडते.

एवढ्याने भागत नसेल, तर विंडोजमध्ये भिंगाची सोय आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि अधिक चिन्ह एकत्र दाबले की भिंग उघडते, विंडोज व एस्केप दाबले की मिटते. हे भिंग सोळा पटींपर्यंत मोठे करते. पडदा संपूर्ण मोठा करावा, माउसबरोबर फिरणारा चौकोन ठेवावा किंवा वरच्या पट्टीत मोठे अक्षर दाखवावे, हे आपल्या हाती. मला फिरणारा चौकोन आवडतो. पूर्ण पडदा मोठा केला की मी कोठे आहे तेच विसरतो.

रोज त्याच संगणकावर बसणाऱ्या शिक्षकांनी व लिपिकांनी मात्र कायमची व्यवस्था करावी. सेटिंग्जमधील सिस्टिम, त्यातील डिस्प्ले आणि त्यातील स्केल येथे १२५ किंवा १५० टक्के निवडले की खिडक्या, बटणे, अक्षरे सारीच मोठी होतात. काही जण त्याऐवजी रेझोल्यूशन कमी करतात. अक्षर मोठे दिसते खरे, पण धूसर होते. कारण सपाट पडद्यावरील ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. वर्डमध्ये पान मोठे करून पाहिले म्हणून छापील कागदावरचे अक्षर मोठे होत नाही, हीही शंका येथेच फिटावी.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. अनेक सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर लहान-मोठ्या ‘अ’ ची खूण असते, ती यासाठीच. अक्षर मोठे करून मागण्यात संकोच कसला? केंद्रावर बसलेल्या आजीबाईंनी ‘बाळा, पडदा जरा इकडे वळव, माझे नाव मोठे करून दाखव’ असे म्हटले, तर चालकाने आनंदाने वळवावा. नोंद पक्की होण्यापूर्वीची ती दोन मिनिटे पुढचे दोन महिने वाचवतात. मात्र मोठे करूनही अक्षर ढगाळ दिसत असेल, तर दोष संगणकाचा नव्हे. मोतीबिंदू आहे का, हे डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

समोरच्या टेबलावर संगणक सुरू आहे. एकेकाने पुढे यावे, खसऱ्याचे पान उघडून आपले नाव मोठे करून पाहावे, ‘ळ’ नीट आहे का ते वाचावे, आणि उठताना कंट्रोल-शून्य दाबून पडदा पुढच्या माणसासाठी पूर्ववत करून ठेवावा.