भिंतीवरून कागदावर
(विहाराच्या वर्धापनदिनी खर्डा येथे केलेले भाषण)



खर्डा म्हटले की जो तो १७९५ ची लढाई सांगतो. मराठे, निजाम, किल्ला, सगळे पुस्तकात आहे. पण याच भागात ज्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या भिंती सारवल्या, पोतेरे फिरवले, पांढऱ्या मातीची बोटे ओढली, त्यांचे नाव कोणत्या पुस्तकात आहे? म्हणून आज लढाई बाजूला ठेवू आणि एका सारवलेल्या भिंतीची गोष्ट सांगू.

ही भिंत डहाणूकडची, वारली आदिवासींची. त्यांच्यात चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. चित्र ‘काढायचे’ नाही हं, ‘लिहायचे’! शेणा-गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि बांबूची काडी, एवढेच सामान. लिहिणाऱ्या सवाष्ण बायका. पुरुषांचे ते कामच नव्हे.

अशा समाजात १९३४ च्या सुमारास जिव्या सोमा म्हसे जन्मले. लहानपणीच आई गेली. पोर बोलेनासे झाले. सांगायचे असेल ते मातीत बोटाने रेघा ओढून सांगू लागले. पुढे बायकांचे हे काम त्यांनी हाती घेतले, तेही लग्नकार्याची वाट न पाहता, रोज.

१९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर गेले. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांपर्यंत कागद नेणारे ते हेच. त्यांनी जिव्यांच्या हाती कागद दिला. आता पाहा, या माणसाने काय केले! कागद घेतला, कापड घेतले, बाजारातला पांढरा रंगही घेतला. पण कापडाला आधी शेणाचा हात दिला. म्हणजे भिंतच सोबत नेली. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहिलेत तर एकेक बारीक रेघ मोजता मोजता आपण थकतो. जाळे हलतेय असेच वाटते. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ साली जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीने प्रदर्शन झाले, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

पण बंधू-भगिनींनो, एक गोष्ट मनाला टोचते. जिव्यांचे नाव झाले, ते व्हायलाच हवे होते. त्यांच्याआधी शेकडो वर्षे चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि आज तीच तिकोनी माणसे साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर नाचतात. त्यातले किती पैसे पाड्यावर पोचतात, हे विचारायला नको का?

आता आपले बघू. कुणी म्हणेल, आपण तर जुने टाकून दिले. होय, गावकीची कामे टाकली, लाचारी टाकली, ते योग्यच झाले. पण गळा टाकला नव्हता. जलसाकारांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यात चळवळ भरली. वामनदादा कर्डकांची गाणी आधी कंठोकंठी फिरली, मग कॅसेटवर आली. साधन बदलले, सूर आपलाच राहिला. जिव्यांनी केले ते याहून वेगळे नाही.

तरुणांनो, तुमच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, ऊसतोडीच्या फडावरची गाणी येतात, बाबासाहेबांवरच्या ओव्याही येतात. तिला विचारून, तिच्याजवळ बसून त्या भरून घ्या. तिची बोली सुधारू नका. आधी तिचे नाव, गाव आणि तारीख बोला, मग गाणे. एक प्रत विहारात ठेवा. पुढे कुणी ते गाणे वापरले, तर नाव तिचेच लागले पाहिजे.

आजी गेल्यावर हे काम होणार नाही. पुढच्या वर्धापनदिनी भाषणे कमी ठेवू आणि या मंडपात आपल्या आज्यांचे आवाज ऐकू, एवढीच विनंती करून थांबतो.

नमो बुद्धाय, जयभीम!