युगांडातील खेड्याच्या शाळेत सेवेसाठी जाताना

(आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



आपल्यातील दोन मुली लष्करी सेवा संपवून पुढील वर्षी आफ्रिकेतील खेड्यात शिकवावयास जाणार आहेत. त्यांच्या आया माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तिकडे काय असते ते एकदा नीट सांगा." म्हणून आज मी उभी आहे. मी वक्ता नव्हे. मुंबईत परिचर्येची पदविका घेतली आणि येथे येऊन आयुष्य रुग्णालयात काढले. जे पाहिले आणि जेथे चुकले, तेवढेच सांगेन.

आफ्रिका म्हणजे काही एक गाव नव्हे. मी जाणते तो युगांडाच्या पूर्वेकडील एल्गॉन पर्वताच्या पायथ्याचा, म्बाले शहराभोवतीचा मुलूख. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी तेथे तीन महिने राहिले. ओढ होती ती अबायुदाया समाजाची. सेमेई काकुंगुलू या सरदाराने 1919 साली स्वतःची व आपल्या मुलांची सुंता करून यहुदी धर्म स्वीकारला. त्या समाजाचे हे लोक. इदी अमीनच्या राजवटीत त्यांच्या उपासनेवर बंदी आली, तरी त्यांनी शब्बाथ सोडला नाही. शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्यांच्या लेकीला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शब्बाथ मी त्यांच्यात, नाबुगोये टेकडीवर घालवी. इतर दिवस काही अंतरावरच्या एका खेड्यातील शाळेत.

प्रथम तब्येतीविषयी. युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो. साठी उलटलेल्यांनी ही लस प्रथमच घेताना डॉक्टरांशी अवश्य बोलावे. या वयात तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा संभव अधिक असतो. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात. अनेकजण विमानातून उतरले की त्या विसरतात. पुढील काही महिन्यांत ताप आला, तर "मी आफ्रिकेत होते" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. मच्छरदाणीशिवाय झोपू नका. तलावात उतरू नका. त्या पाण्यातील कृमी त्वचेतून शरीरात शिरतात. जेवणाचे म्हणाल तर मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो, घेवड्याच्या दाण्यांची उसळ, केळी, अवोकाडो आणि अंडी. कोशेर पाळणाऱ्याने स्वतःचे एक पातेले न्यावे. उपाशी राहण्याची वेळ येत नाही.

आता शाळा. युगांडात 1997 पासून प्राथमिक शिक्षण निःशुल्क आहे, परंतु गणवेश, वह्या आणि दुपारचे जेवण यांचा भार घरावरच पडतो. पैसे नसले की मूल घरी बसते. आमच्या तिसरीच्या वर्गात नव्वदांहून अधिक मुले होती. एका बाकावर पाच-पाच. पुस्तके मोजकी, म्हणून शिक्षक फळ्यावर लिहितो आणि मुले उतरवून घेतात. पहिली तीन वर्षे स्थानिक भाषेत शिकवतात आणि चौथीपासून एकदम इंग्रजी येते. तेथेच पुष्कळ मुले अडखळतात. आपल्याकडून सर्वांत अधिक मागणी असते ती इंग्रजी वाचून घेण्याची. पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज होतो की शिकवणे थांबते. तेव्हा शांत बसावे.

शिक्षकाच्या जागी उभे राहू नका, त्याच्या शेजारी उभे राहा. आपण वर्गात आलो म्हणून तो बाहेर गेला, तर आपण परतल्यावर त्या वर्गाचे काय उरणार? वर्गात छडी दिसेल. कायद्याने तेथे शारीरिक शिक्षेस मनाई आहे, तरी ती चालते. मुलांसमोर शिक्षकाचा अपमान करू नका, पण गप्पही बसू नका. मुख्याध्यापकांशी एकांतात बोला.

गोऱ्या स्वयंसेविकांमागे मुले "मझुंगु" म्हणून धावतात. मला मात्र बाजारात "मुहिंदी" म्हणत आणि माझे दुकान कोठे आहे, असे विचारीत. 1972 साली अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, हे मी वाचले होते. आपल्या चेहऱ्यालाही तेथे एक इतिहास आहे, हे बाजारात कळले. तेथील अभिवादन "मुलेम्बे", म्हणजे शांती. आपले शालोमच. तो शब्द शिकून जा. अभिवादन न करता कामाचे बोलणे तेथे उद्धटपणाचे समजतात.

आता माझी चूक सांगते. मी औषधांनी भरलेली एक पेटी नेली होती. पहिल्याच आठवड्यात एका मुलाच्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पाच मुले आली. पंधरवड्यात शाळेच्या ओट्यावर रोज सकाळी रांग लागू लागली. मुलांबरोबर आयाही येऊ लागल्या. त्या देशात नोंदणी केल्याशिवाय परिचारिकेचे काम करण्याचा मला अधिकार नव्हता, हे मी जाणून होते. तरी मनाची समजूत घातली. खरे सांगते, मला फार बरे वाटत होते. निवृत्तीनंतर पुन्हा कोणालातरी माझी गरज भासत होती.

एका शुक्रवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे नाबुगोयेला गेले. त्याच दिवशी दुसरीतल्या एका मुलास ताप भरला. चार किलोमीटरवर सरकारी आरोग्य केंद्र होते. तेथे हिवतापाची तपासणी होते, साठा असला तर गोळ्याही विनामूल्य मिळतात. पण त्याच्या आईने त्याला तेथे नेले नाही. "सिस्टर सोमवारी येणार आहे," म्हणून ती थांबली. सोमवारी सकाळी तिने त्याला ओट्यावर आणले तेव्हा त्याला झटके येत होते. माझ्या पेटीत त्याच्यासाठी काहीही नव्हते. मोटारसायकलवर चालकाच्या मागे मी, माझ्या मांडीवर मूल आणि मागे त्याची आई, असे आम्ही त्या केंद्रात पोहोचलो. तेथील परिचारिकेने त्याला इंजेक्शन दिले आणि म्बालेच्या रुग्णालयात पाठविले. देवाच्या कृपेने मूल वाचले.

ती परिचारिका माझ्या निम्म्या वयाची होती. ती मला रागावली नाही. हात धूत एवढेच म्हणाली, "तुम्ही जाल. आम्ही येथेच आहोत. लोकांना आमच्याकडे येण्याची सवय लावायला आम्हाला वर्षे लागली." चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही डॉक्टरचे बोलणे मला इतके लागले नव्हते. पाहुणीने परक्या घरात वेगळी चूल मांडली होती आणि त्या घरचे मूल उपाशी राहता राहता वाचले होते.

पेटी मी तिच्या स्वाधीन केली आणि जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयास हवा होता तो विचारला: "माझा तुम्हाला काय उपयोग होईल?" ती म्हणाली, तापाचे मूल त्याच दिवशी चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवा. मग शाळेत एक वही ठेवली: नाव, वर्ग, लक्षण, पाठविल्याची वेळ. एका शिक्षिकेला ती लिहिण्यास शिकविले. सहावीच्या मुलांबरोबर शौचालयाजवळ हात धुण्याची सोय केली: पिवळा जेरीकॅन, दोरी आणि पायाने दाबावयाची काठी. मोठ्या मुली महिन्यातून काही दिवस का येत नाहीत, याचे उत्तर त्यांनीच दिले: शौचालयाच्या दाराला आतून कडी नव्हती. कडी बसविली. माझ्या आरोग्यावरील व्याख्यानापेक्षा ती कडी अधिक उपयोगी पडली.

आपलीही शाळा आठवा. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा झाली. तिला बाहेरून मदत आली, ती आपण कृतज्ञतेने घेतली. पण शाळा टिकली ती आपल्यातील माणसांनी ती आपली मानली म्हणून. म्बालेच्या खेड्यातही तसेच आहे.

तेव्हा मुलींनो, जी संस्था तुमच्याकडे पोलिसांचा दाखला मागत नाही, तुम्हाला काय येते ते विचारत नाही, केवळ पैसे घेते, तिच्याबरोबर जाऊ नका. मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नका. खाऊ वा भेटवस्तू स्वतः वाटू नका. जे द्यावयाचे ते मुख्याध्यापकांच्या हाती द्या. "मी तुझी फी पाठवीन" असे वचन भावनेच्या भरात देऊ नका. ते मूल वर्षभर वाट पाहते.

दोन वर्षांनी मी पुन्हा तेथे गेले. त्या मुलाने मला ओळखले नाही आणि ते योग्यच होते. शिक्षकांच्या टेबलावर वही होती, तिसरी. अक्षर माझे नव्हते. मी शिकविलेल्या शिक्षिकेचेही नव्हते, कारण तिची बदली झाली होती. त्या दिवशीच्या पानावर दोन नावे होती आणि दोघांपुढे वेळ लिहिली होती.

तुमचा प्रवास सुखाचा होवो. शालोम.