आधी हात, मग अक्षर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील पालकसभेत दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपले मंडळ दरवर्षी करते. परंतु शाळेचा उंबरठाही न ओलांडलेल्या बालकांविषयी चार शब्द सांगण्याचा योग आम्हांस आज प्रथमच येत आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पदव्यांचे बळ आमच्यापाशी नाही. प्राथमिक शाळेत खडू झिजविला, एवढीच शिदोरी.

प्रथम आमचाच एक अपराध सांगतो. सेवेच्या आरंभी आमच्या वर्गात एक डावरा मुलगा होता. त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली की आम्ही पट्टी उगारीत असू. वर्षअखेरीस तो उजव्या हाताने लिहू लागला. पण लेखनाचा तास आला की त्याचे पोट दुखू लागे. अक्षराच्या हट्टापायी आम्ही त्याची शाळेवरील माया घालविली, हे ध्यानी यावयास फार वर्षे लागली.

तीच पट्टी आज आपल्या घरांतून निराळ्या रूपाने दिसते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांतही ते पहिलीपासून आले, आणि आता तीन वर्षांच्या बालकाच्या हाती चाररेघी वही येते. गेल्या दिवाळीत आमच्याच घरी, पानभर ‘ए’ गिरविल्याखेरीज फराळ नाही, असे चार वर्षांच्या नातीस बजावण्यात आले. पोर ताटाकडे पाहत रडत होती.

बंधुभगिनींनो, त्या ‘ए’कडे जरा निरखून पाहा. दोन तिरप्या रेघा, त्या वर नेमक्या एका बिंदूत मिळावयाच्या, आणि मध्ये आडवी रेघ. साधारणतः तीन वर्षांचे मूल वर्तुळ पाहून काढते, चौथ्या वर्षाच्या सुमारास अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन; तिरप्या बाजूंचा त्रिकोण बहुधा पाच वर्षांनंतरच साधतो. मनगटातील आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात व बालपणभर हळूहळू पक्की होतात. म्हणजे जे अक्षर हातास अवघड, तेच आपण पहिले मागतो! वर्णक्रम शब्दकोशासाठी आणि गाण्यासाठी आहे. हाताचा क्रम निराळा आहे. आपल्या मराठी शाळांतूनही ‘अ’ऐवजी ‘ग म भ न’ने आरंभ करण्याची रीत आहेच.

तेव्हा पहिल्या लिपीतील उभ्या-आडव्या रेघांची अक्षरे आधी घ्यावी: एल, टी, आय, एफ, ई, एच. मग ओ, सी यांसारखी गोलाईची. पुढे डी, पी, बी. ए, के, एम, एन, व्ही, डब्ल्यू, एक्स ही तिरप्या रेघांची मंडळी शेवटी. आणखी एक भेद ध्यानी धरावा. देवनागरी अक्षर शिरोरेघेस लोंबते, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. दोन्ही लिप्या एकदम शिकणारे मूल रेघ चुकले, तर तो मठ्ठपणा नव्हे.

दुसऱ्या लिपीतील बी आणि डी यांची गल्लतही स्वाभाविक आहे. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तो कपच, असे मुलाने आजवर पाहिले. अक्षरांत मात्र बाजू बदलली की नाव बदलते! येथे रागावू नये. बीला आधी काठी मग पोट, डीला आधी पोट मग काठी, असे हात धरून दाखवावे.

पेन्सिलीपूर्वीची तयारी तर आपल्या आजीच्या घरातच होती. धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढीत, तांदूळ निवडीत, फुले ओवीत बोटे तयार होत. १९०७ साली रोम येथे बालगृह काढणाऱ्या माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांची बोटे फिरविली, ती याच मार्गाने. १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया व पाने हीच बालवाडीची साधने केली. त्यास खर्च कसला? परातीत रवा पसरा, कणकेच्या वळ्या करून अक्षरे जुळवू द्या. खडूचा तुकडा बोटभर नव्हे, पेराएवढा द्या, म्हणजे चिमटीत आपोआप नीट बसतो. दहा मिनिटे पुरेत. आणि मूल डावरे असेल तर वही थोडी डावीकडे सरकवा. हात बदलू नका.

त्या दिवाळीत आम्ही वही कपाटात ठेविली, नातीस आधी फराळ दिला आणि परातीत रवा पसरला. तिने प्रथम एल काढला, मग टी. काही महिन्यांनी एके सकाळी तिने आपण होऊन दारातील फरशीवर खडूने ए काढला. मधली रेघ बाहेर गेली होती. आम्ही ती पुसली नाही.

आपल्या घरांतील लेकरे इंग्रजी शिकोत, खूप शिकोत. परंतु त्यांच्या पहिल्या अक्षरावर अश्रू नसावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.