इअरफोन काढून



'याला येरवड्याला पाठवायला हवं,' असं तिथल्या मनोरुग्णालयाच्या नावाने आपण हसत हसत म्हणून जातो. ऐकणाऱ्याला खरोखरच नैराश्याने घेरलेलं असेल, तर तो डॉक्टरकडे जाईल का? तो मोबाइल उघडतो. रात्री, कानात इअरफोन घालून. ठाण्याची आयपीएच ही मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था. तिचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. झोप उडते, भूक मंदावते, आवडीच्या कामातही मन लागत नाही, तो आळस नव्हे, आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, हे असं घरबसल्या, आपल्या भाषेत कळतं. कुणाला पत्ताही लागत नाही.

पण नाव खराब होण्याची भीती अशाने जाते का?

ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणं असलेली ५२५ माणसं. काहींना नुसती माहिती देणारं 'ब्लूपेजेस' हे संकेतस्थळ दिलं, काहींना विचारांची वळणं बदलण्याचा सराव घेणारं 'मूडजिम'. उरलेल्यांना दोन्ही नाही. दोन्ही संकेतस्थळांमुळे नैराश्यग्रस्तांविषयीचं या माणसांचं स्वतःचं वाईट मत निवळलं. थोडंसंच, बरं का! मात्र 'लोक अशा माणसाला काय समजतात?' या प्रश्नावर ब्लूपेजेसचा काही परिणाम झाला नाही, आणि मूडजिमच्या गटात तर लोकांविषयीची ही धास्ती तुलनेने वाढलेली दिसली.

मला याचं नवल वाटत नाही. एकट्याने शिकून माणूस शहाणा होतो. त्याचे 'चार लोक' होते तिथेच राहतात. म्हणून त्या चौघांनीही हे पाहायला हवं. काका रोज सकाळी फुलं पाठवतात, त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा व्हिडिओ जाऊ द्या. सोसायटीच्या गणपतीत पडद्यावर दाखवा. २०१५ साली दीपिका पदुकोण आपल्या नैराश्याविषयी उघडपणे बोलली, ते मोठंच धाडस. तरी पलीकडच्या बिल्डिंगमधल्या वहिनी बोलल्या, तर आपल्याला जास्त पटेल. अर्थात त्यांची इच्छा असेल तरच. भीड घालून कुणाला कॅमेऱ्यापुढे बसवू नये.

आणि आज ज्यांना घरात कुणाशीच बोलवत नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसा-रात्री केव्हाही, आणि मराठीतही बोलता येतं. पुन्हा सांगतो, लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा.